पत्रिका जुळली, पण दमा सांगितलाच नाही

"ताई, मी २७ वर्षांची, माहेर मिरजेचं, नोकरी पुण्यात. मला सहाव्या वर्षापासून दमा आहे. आजीला होता, पप्पांना आहे, धाकट्या भावाला मात्र काहीच नाही. जानेवारीत साखरपुडा झाला, लग्न मे महिन्यात आहे. मुलगा खूप चांगला आहे पण त्याच्या घरी दम्याचं कुणाला सांगितलेलं नाही. मम्मी म्हणते लग्न होईपर्यंत पंप कुणाच्या नजरेला पडू देऊ नकोस, घराण्यातला रोग म्हटलं की लोक मागे सरतात. होळीला दोन दिवस त्यांच्या नाशिकच्या घरी राहिले. रात्री खोलीत डासांची कॉइल लावली होती, दोन वाजता दम भरून आला, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मग पंप घेतला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. सकाळी सगळे चहाला बसलेले, तो नेहमीसारखा शिंकत होता, त्याला रोज उठल्यावर दहा-पंधरा शिंका येतात, त्याची बहीण कोपराच्या खाजेला मलम लावत होती, बाबा गॅलरीत सिगरेट ओढत होते, आणि मला एकदम वाटलं मी या चांगल्या माणसांना फसवतेय. आता ऑनलाइन एका जीन टेस्टची जाहिरात दिसली, थुंकी पाठवायची की दम्याचा रिस्क कळतो म्हणे. करू का? रिपोर्ट चांगला आला तर त्यांना दाखवता येईल. आणि खरं सांगा, माझ्या मुलांना होणारच का? भावाला नाही झाला मग मलाच का?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या सोडलेल्या नळापाशी अडकले. रात्री दोनला श्वास पुरत नाहीये आणि तरी काळजी कसली तर आवाजाची, हे वाचून पोटात खड्डा पडला माझ्या. बाकी सगळं बोलूच आपण, जीन्स, मुलं, टेस्ट, सासर, पण हे आधी सांगते, पंप लपवायचा नाही. आजपासून नाही.

माझ्या घरातलं सांगते. माझ्या वडिलांना दमा होता, त्यांच्या वडिलांनाही. थंडीत रात्री ते कॉटच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेले असायचे, खिडकी उघडी, आई पाठीला तेल चोळतेय, आणि आम्ही भावंडं झोपेचं सोंग घेऊन त्यांच्या छातीतली शिट्टी ऐकत पडलेलो. आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी आईला सांगून ठेवलेलं की हे रक्तातलं आहे, चालायचंच. त्या एका चालायचंचमुळे कितीतरी वर्षं वडिलांना अटॅक आला की इंजेक्शन नाहीतर गोळ्या एवढंच मिळालं, रोज घ्यायचं औषध असं काही असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी इन्हेलर चालू केला आणि तीन-चार महिन्यांत माणूस भाजीची पिशवी घेऊन न थांबता जिना चढायला लागला. जीन्स तेच होते ना, रक्त तेच होतं. घराण्यातला हा शब्द खोटा नाहीये, पण लोक त्या शब्दापाशी येऊन थांबतात आणि पुढे काही करतच नाहीत, याचा मला अजूनही राग येतो.

खोटा नाहीये म्हणजे किती खरा, तर ऐक. दक्षिण अटलांटिक महासागरात ट्रिस्टन दा कुन्हा नावाचं एक बेट आहे, जवळच्या वस्तीपासून दोन हजारांहून जास्त किलोमीटर लांब, मोजकीच माणसं (१९९३ मध्ये तीनशेच्या आसपास), आणि ती बहुतेक सगळी एकोणिसाव्या शतकात तिथे जाऊन राहिलेल्या पंधराएक पूर्वजांची वंशज. १९९३ मध्ये टोरोंटो विद्यापीठाचे डॉक्टर तिथे गेले, जवळजवळ प्रत्येकाची तपासणी केली, तर अर्ध्याहून जास्त लोकांत दम्याची काही ना काही खूण सापडली. मूळच्या त्या मूठभर पूर्वजांमध्येच काही दमेकरी होते आणि पुढे पिढ्यानपिढ्या आपापसातच लग्नं होत गेली, म्हणून हे झालं. पण दुसरी बाजूही बघ, एवढं आतल्या आत सगळं होऊनसुद्धा बेटावरच्या बाकीच्या लोकांच्यात काहीच सापडलं नाही.

आता आपल्याकडे आनुवंशिक म्हटलं की लोकांच्या डोक्यात थॅलेसेमिया नाहीतर सिकलसेल हे रक्ताचे आजार येतात. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलबद्दल लोकांना बरीच माहिती असते, आणि तिथे हिशेब सरळ आहे, एकच जीन, नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, त्यामुळे लग्नाआधी टेस्ट करण्याला तिथे खरोखर अर्थ आहे. दम्याचं तसं नाहीच मुळी. दम्याचा असा एक जीन नाही. आत्तापर्यंत डीएनएमध्ये शंभराहून जास्त अशा जागा सापडल्यात की जिथला फरक दम्याचा धोका थोडासा वर किंवा थोडासा खाली करतो, आणि बहुतेक जागांचा परिणाम इतका बारीक की धोका पाच-दहा, फार तर वीस टक्क्यांनी हलतो, बस.

फरक म्हणजे काय ते सांगते, कारण जेनेटिक म्हटलं की लोकांना काहीतरी बिघडलंय असं वाटतं. आपल्या डीएनएमध्ये साधारण ३०० कोटी अक्षरं आहेत आणि तू आणि मी, आपल्या दोघींची ९९.९ टक्के अक्षरं सारखीच असणार. उरलेल्या ठिकाणी तुझ्यात एक अक्षर, माझ्यात दुसरं. मराठीत नुसत्या वेलांटीने दिन आणि दीन वेगळे होतात तसा कधीकधी एका अक्षराने अर्थच बदलतो, पण दम्यातले बहुतेक फरक तसेही नाहीत, त्यात शब्द तोच राहतो, तो किती मोठ्याने वाचायचा एवढंच बदलतं. म्हणजे तुझा जीन चांगलाच आहे, फक्त श्वासनळीच्या अस्तरात तो जरा जास्त जोरात चालतोय, किंवा जरा हळू. याला दोष म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही.

तुझ्यासारख्या लहानपणी चालू झालेल्या दम्यात सगळ्यात ठळक जागा आहे ती १७ नंबरच्या क्रोमोसोमवर, म्हणजे डीएनएच्या १७ नंबरच्या गुंडाळीवर. २००७ मध्ये ती सापडली, लहानपणी दमा झालेले ९९४ जण आणि दमा नसलेले १२४३ जण यांचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून बघितला तेव्हा. तिथे ओआरएमडीएल३ आणि जीएसडीएमबी असे दोन जीन्स शेजारी राहतात आणि दोन्ही श्वासनळीच्या अस्तराच्या पेशींमध्ये कामाला असतात. २०१० मध्ये मग युरोपातल्या बऱ्याच देशांनी मिळून १०,३६५ दमेकरी आणि १६,११० बिनदम्याचे लोक तपासले, त्यात हे पक्कं झालं, आणि एक गोष्ट आणखी स्पष्ट झाली की १७ नंबरची ही जागा लहानपणीच्या दम्याशीच जोडलेली आहे, चाळिशी-पन्नाशीत चालू होणाऱ्या दम्याशी नाही. म्हणजे दमा दमा आपण एकच शब्द म्हणतो पण तुझा सहाव्या वर्षीचा आणि एखाद्या मावशीला पन्नाशीत झालेला, मुळातच दोन वेगळ्या वाटांनी आलेले असू शकतात. आणि एवढी ठळक जागा, तिचा जोर किती, तर धोका दीडपटीच्या आसपास. ज्यांना आयुष्यात कधी दम लागलेला नाही अशा कोट्यवधी लोकांच्या अंगात ते अक्षर आरामात बसलेलं आहे.

भावाचं उत्तर इथेच मिळतं बघ. प्रत्येक मुलाला आईच्या डीएनएतला अर्धा आणि वडलांच्यातला अर्धा वाटा मिळतो, पण कुठला अर्धा ते दर वेळी नव्याने पिसून ठरतं. पप्पांकडच्या त्या शंभरेक बारीक फरकांपैकी तुझ्या वाट्याला जरा जास्त आले असतील, भावाच्या वाट्याला कमी, मम्मीकडूनही काही आले असतील, तिला स्वतःला काही नसलं तरी. आणि नुसतं तेवढंही नाही. तंतोतंत सारखा डीएनए असलेल्या जुळ्यांमध्येही एकाला दमा आणि दुसऱ्याला नाही असं सर्रास दिसतं. म्हणजे डीएनएच्या बाहेरही काहीतरी घडावं लागतं.

काय घडावं लागतं, हा मला या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, त्यामुळे थोडं सावकाश वाच. आपल्याकडे आया म्हणतात ना, याची सर्दी लगेच छातीत उतरते. साधी सर्दी करणारा रायनोव्हायरस प्रत्येक बाळाला होतो, बहुतेकांची नाकं वाहतात आणि चार दिवसांत बरं होतं, पण काहींच्या छातीत घरघर चालू होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये आणि डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला जन्मापासून मुलांच्या मागे राहून नोंदी ठेवल्या, आणि २०१३ मध्ये असं समोर आलं की १७ नंबरवरच्या त्या अक्षराचा धोका मुख्यतः दिसतो तो लहान वयात रायनोव्हायरसने घरघर झालेल्या मुलांमध्येच. अक्षर एकटं फारसं काही करत नाही, अक्षर आणि व्हायरस दोघं भेटले की गोष्ट पुढे सरकते. लगेच पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, कोपनहेगनच्याच लोकांनी दोन ते सहा वर्षांच्या, दम्याने वारंवार अ‍ॅडमिट कराव्या लागलेल्या मुलांमध्ये सीडीएचआर३ नावाचा जीन शोधला, आणि २०१५ मध्ये कळलं की हा जीन पेशीवर जे प्रोटीन बसवतो तेच रायनोव्हायरसच्या सी प्रकाराला आत शिरायचं दार आहे! एका अक्षराच्या फरकाने काही मुलांच्या पेशींवर ती दारं जास्त लागतात. सर्दी छातीत उतरते हे आजीचं वाक्य शेवटी प्रयोगशाळेतून खरं ठरून आलं, मला तर हे वाचताना अंगावर काटा आला होता.

धुराचंही असंच. २००८ मध्ये फ्रान्समधल्या दमेकरी कुटुंबांचा अभ्यास आला, त्यात १७ नंबरच्या त्याच जागेचा धोका लहानपणी घरात सिगरेटचा धूर असलेल्या मुलांमध्ये आणखी वाढलेला दिसला. तेव्हा तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांची गॅलरीतली सिगरेट हा किरकोळ मुद्दा नाहीये हं, गॅलरीतला धूर घरातच येतो आणि कपड्यांवर बसून बाळापर्यंत जातो. कॉइलबद्दल तर मी सगळ्यांनाच सांगत असते, मलेशिया आणि चीनमधल्या कॉइल्स तपासल्या तेव्हा एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगरेटींएवढे भरले होते. बंद खोली, रात्रभर, आणि आपण ती बाळाच्या पाळण्याखाली लावतो. डास चावू नयेत म्हणून मच्छरदाणी लावा ना, खिडक्यांना जाळी बसवा.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट लोकांचं. दोन्ही शेतकरी समाज, दोघांचेही पूर्वज युरोपातून आलेले, डीएनए खूपच मिळताजुळता, टीव्ही नाही, घरात कुत्रं-मांजर नाही, मुलांना आईचं दूध भरपूर. तरी आमिश मुलांमध्ये दमा ५ टक्के आणि हटराइट मुलांमध्ये २१ टक्के! २०१६ मध्ये इंडियानातली ३० आमिश आणि साउथ डकोटातली ३० हटराइट मुलं तपासली, त्यांच्या घरातली धूळसुद्धा गोळा केली. फरक होता गोठ्याचा. आमिश लोकांचा गोठा घराला लागून, घोड्यांवर शेती, पोरं अगदी लहान असल्यापासून तिथे खेळणार, हटराइट लोकांची शेती मोठमोठ्या मशीनवर आणि गोठे घरापासून लांब. आमिश घरातल्या धुळीत जंतूंचे अंश जवळपास सातपट होते आणि त्यामुळे मुलांच्या प्रतिकारशक्तीला लहानपणीच वेगळं वळण मिळालेलं दिसलं. आता हे वाचून उद्या गोठ्यात जाऊन बसू नकोस, ते पहिल्या एक-दोन वर्षांतल्या बाळांचं आहे, आधीच दमा असलेल्या माणसाला गोठ्यातल्या धुळीने त्रासच होईल, आणि आपल्या खेड्यात गोठ्याबरोबर चुलीचा धूरही येतो तो तर वाईटच. सांगायचं एवढंच की जवळपास तोच डीएनए आणि दम्याचं प्रमाण चौपट.

आता तुझ्या पत्रातली एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही असं दिसतंय. तो रोज सकाळी दहा-पंधरा शिंका देतो, त्याच्या बहिणीला कोपराच्या वळ्यांत खाज आहे. मी इथून निदान करू शकत नाही, पण ऐकायला हे अगदी अ‍ॅलर्जीची सर्दी आणि एक्झिमा, म्हणजे त्वचेला खाज सुटणारा आजार, यांच्यासारखं आहे. २०१७ मध्ये ३,६०,८३८ लोकांचा डीएनए एकत्र करून दमा, अ‍ॅलर्जीची सर्दी आणि एक्झिमा यांची मुळं शोधली तर १३६ फरक सापडले आणि त्यातले बहुतेक तिघांचेही सामायिक निघाले. त्वचेचंच बघ, कातडीचं वरचं कवच नीट बांधणारा फिलॅग्रिन नावाचा जीन आहे, २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीतल्या लोकांनी दाखवलं की तो अर्धवट असलेल्या मुलांना एक्झिमा होतो आणि एक्झिमाबरोबर येणारा दमासुद्धा. म्हणजे तू ज्या घरात तुझा रोग घेऊन जातेयस असं तुला वाटतंय त्या घरात त्याच कुळातली भावंडं आधीपासून राहतायत, फक्त तिथे त्यांना शिंका आणि खाज म्हणतात, आणि शिंकणाऱ्या मुलाचं स्थळ कुणी नाकारत नाही. हे त्यांना टोमणा म्हणून सांगायचं नाही. तुझ्या मनातली ती मी फसवतेय, मी काहीतरी घाण आणतेय ही भावना जावी म्हणून सांगतेय. तुमच्या बाळाला दोन्हीकडून वाटे मिळणार आहेत.

मग मुलांना होणारच का? नाही, होणारच असं अजिबात नाही. आईवडलांपैकी एकाला दमा असला की मुलाचा धोका साधारण दोन ते तीन पट होतो, आईला असेल तर वडलांपेक्षा किंचित जास्त, दोघांना असेल तर आणखी. ऐकायला भयंकर वाटतं पण मुळातला धोका लहान आहे, त्याची दुप्पट-तिप्पट केली तरी अशा बहुतेक मुलांना दमा होत नाही. नेटवर तुला दमा ६० टक्के आनुवंशिक असलं काहीतरी वाचायला मिळेल, जुळ्यांच्या अभ्यासांतून असे आकडे येतात, पण त्याचा अर्थ तुझ्या बाळाला ६० टक्के शक्यता असा नाही गं, त्याचा अर्थ एखाद्या समाजात कुणाला दमा आणि कुणाला नाही या फरकाचा किती भाग जीन्सच्या फरकातून येतो एवढाच. बाळाला पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्दीबरोबर घरघर झाली तरी लगेच हाय खाऊ नकोस. अमेरिकेत टुसॉनला मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहून बघितलं तेव्हा तीन वर्षांच्या आत घरघर झालेल्यांपैकी साधारण ६० टक्के मुलांची सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. आणि फरक नेहमी वाईटच असतो असंही नाही, आइसलंडमध्ये २०१७ साली काही लोकांत आयएल३३ नावाच्या जीनचा एक दुर्मिळ फरक सापडला ज्याने तो जीन अर्धा बंदच पडतो आणि त्या लोकांना दमा इतरांपेक्षा जवळपास निम्म्याने कमी होतो. तुझ्या-त्याच्या कुणाकडे असे राखणदार फरक आहेत की नाहीत कुणी सांगावं.

त्या थुंकीच्या टेस्टचं उत्तर आता तुलाच कळलं असेल. करू नकोस. २०१० चा तो मोठा अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच त्यांना सापडलेल्या मुख्य जागा एकत्र करून दमेकरी ओळखता येतात का बघितलं होतं, तर १०० दमेकऱ्यांतले ३५ ओळखू आले, ६५ सुटून गेले. त्यानंतर जागा वाढल्या, हिशेब सुधारले, पण एकेका माणसाला सांगण्याइतके नाहीत. शिवाय हे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले, त्यांच्यावरून बांधलेला स्कोअर मिरजेच्या मुलीला तसाच लावला तर तो आणखी लंगडा पडतो. आणि विचार कर, रिपोर्ट चांगला आला तरी तुला दमा आहेच, वाईट आला तरी औषध तेच. ते पैसे छातीच्या डॉक्टरांची फी आणि स्पायरोमेट्री यात घाल, त्यातून तुझी फुप्फुसं आज किती काम करतायत ते तरी कळेल.

कारण पत्र वाचून मला जी खरी काळजी वाटली ती तुझ्या मुलांची नाही, तुझीच. तू नुसता पंप म्हणतेस, म्हणजे बहुधा दम लागला की घ्यायचा रिलिव्हर, सालब्युटामॉल. तो नळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो, चार-सहा तास बरं वाटतं, पण आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो रोज घ्यायचा स्टेरॉइडचा इन्हेलर, आणि दम्याच्या जागतिक गाइडलाइनने २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की बारा वर्षांवरच्या कुणीही नुसत्या रिलिव्हरवर राहू नये. स्टेरॉइड नाव ऐकून घाबरू नकोस, तो डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, थेट नळीत जातो, घेतल्यावर गुळण्या करून टाकायच्या, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घेतलास तर घशात कमी बसतो. पंपाची सवय लागते हे आपल्याकडचं सगळ्यात महागात पडलेलं वाक्य आहे. जगातले जेमतेम १३ टक्के दमेकरी भारतात आणि दम्याने होणारे मृत्यू मात्र ४० टक्क्यांहून जास्त भारतात, आणि त्यामागे मोठं कारण हेच, लोक रोजचा इन्हेलर घेत नाहीत, लपवतात, मध्येच सोडतात, लग्न ठरलं म्हणून सोडतात. जीन्स आपले काही जगावेगळे नाहीत. तसंच पुढे दिवस गेले की कुणीतरी हमखास सांगेल आता औषधं बंद कर बाळासाठी. तेव्हा माझी आठवण काढ. गरोदरपणात दमा आटोक्यात नसला तर बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, वजन कमी भरतं, वेळेआधी बाळंतपण होऊ शकतं, आणि बुडेसोनाइडसारखे स्टेरॉइडचे इन्हेलर गरोदर बायका कितीतरी वर्षं घेत आल्यात. बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारून चालू ठेवायचं. आणि मृग लागला की दम्यावर उपाय म्हणून हैदराबादचा मासा गिळायला चल म्हणणारं कुणी ना कुणी भेटेलच, त्यांना प्रेमाने नाही म्हण.

आता सांगायचं कसं. पहिलं त्याला, एकट्याला, या शनिवार-रविवारीच, फोनवर नाही, समोर बसून. रडत नको, माफी मागत तर मुळीच नको. म्हण, मला सहाव्या वर्षापासून दमा आहे, औषध घेते, नोकरी करते, सगळं करते, होळीला तुमच्या घरी रात्री मला त्रास झाला आणि मी तो लपवला, ते मला आवडलं नाही, म्हणून सांगतेय. नळाचं पण सांग. मला वाटतं त्याला बाकी काही नाही पण तो नळ लागेल. मग पंप काढून त्याच्या हातात दे, कसा हलवायचा, कसा ओढायचा ते दाखव, कारण एखाद्या रात्री खरंच गरज पडली तर तोच माणूस शेजारी असणार आहे. त्याच्या आईवडलांना तुम्ही दोघांनी मिळून सांगा, आणि कॉइल व सिगरेटचा विषय त्याला काढू दे, मुलाने सांगितलेलं बापाला वेगळं ऐकू येतं. त्याच्या त्या शिंकांचंही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यायला सांग.

मम्मीवर चिडू नकोस. तिने घरात दमेकरी सासू सांभाळली, नवरा सांभाळला, मग तू, आणि लोक कसे मागे सरतात ते तिने कुठेतरी बघितलेलं असणार. तिला म्हण, लपवून लग्न झालं तर मला रोज रात्री नळ सोडावा लागेल, चालेल का तुला?

आणि समजा त्यांनी नाहीच म्हटलं तर? तुला दुखेल, खूप दुखेल, मी खोटं कशाला सांगू. पण ते मे महिन्याच्या आधी दुखलेलं मला चालेल. लग्नानंतर सात-आठ महिन्यांनी, ऐन थंडीत, पंप कपाटात साड्यांखाली आणि तू बाथरूममध्ये, हे नको.

मला मात्र ते नाही म्हणतील असं वाटत नाही, म्हणून तयारीचं बोलून ठेवते. रोजच्या इन्हेलरचा नीट परिणाम यायला काही आठवडे लागतात, तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि लग्नाची तारीख सांगूनच औषध ठरवून घे. लग्नाच्या दिवशी होमाचा धूर येणारच, गुरुजींना आधी सांगून ठेव की समिधा सुक्या आणि मोजक्याच घालायच्या, वारा जिकडून येतो त्या बाजूला तुला बसवायचं, धूर तोंडावर येईल असं नको, हॉलमध्ये होम दारं-खिडक्या लावून होत असेल तर त्या उघडून घ्यायला भावाला सांग. मेकअपवालीला हेअर स्प्रे मारताना तुला नाकावर रुमाल धरू दे म्हणावं. सकाळचा डोस गडबडीत राहतो, तो हळद लागायच्या आधी घे. आणि रिलिव्हर करवलीच्या पर्समध्ये, अगदी वरच्या कप्प्यात, तिला वापरायला शिकवून.